डॅशबोर्ड हिरवा, दरपत्रक चुकीचं

पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपास वह्या-पुस्तकांचा घाऊक धंदा करणारी जी दुकानं आहेत, त्यांतल्या एकाचं हे प्रकरण. मालकांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. दुकान चौकापासून हाकेच्या अंतरावर, गोदाम नऱ्ह्याला, आणि गिऱ्हाईक म्हणजे जिल्ह्यातल्या शाळा: हवेली, मुळशी, पुरंदर, थोड्या जुन्नरकडच्या. खरा हंगाम मे-जूनचा. दिवाळीची सुटी संपून दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा वह्यांची एक छोटी लाट येते. २०२५ साली याच लाटेवर मालकांनी एआय एजंट, म्हणजे भाषेच्या प्रारूपावर (लँग्वेज मॉडेलवर) चालणारे आणि पुढची पायरी स्वतः ठरवणारे प्रोग्राम, चालवून पाहायचं ठरवलं. "जूनमध्ये प्रयोग करायला मला वेड लागलेलं नाही," असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं.

शाळेची यादी कशीही येते. कधी लेटरहेडवर टाइप केलेली, कधी वहीच्या पानावर हाताने लिहून फोटो काढलेली, कधी नुसता एका ओळीचा व्हॉट्सॲप मेसेज: "मागच्यासारखंच, फक्त चौरेघी वाढवा." पहिला एजंट ही यादी वाचून तिच्या ओळी पाडायचा. दुसरा टॅलीत, म्हणजे दुकानाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, साठा बघून माल राखून ठेवायचा. तिसरा दर, सूट आणि कर लावून दरपत्रक तयार करायचा. चौथा ते शाळेला पाठवायचा आणि दोन दिवस उत्तर आलं नाही तर आठवण करायचा. बिल मात्र माणसाच्याच हातात ठेवलं होतं. दुकानात वर्षानुवर्षं हिशेब बघणारे एक काका आहेत, ते टॅलीत बिल करायचे. पुढे जे झालं त्यात हीच एक गोष्ट दुकानाच्या उपयोगी पडली.

डॅशबोर्ड म्हणजे एक वेबपान. काउंटरमागच्या भिंतीवर टीव्ही होता, त्यावर ते दिवसभर उघडं असायचं. वर चार एजंटांचे चार चौकोन, प्रत्येकात हिरवा ठिपका. खाली मिनिटाला किती विनंत्या येताहेत, उत्तराला सरासरी किती सेकंद लागताहेत, चुकांचं प्रमाण किती, टोकन (प्रारूप मजकूर ज्या छोट्या तुकड्यांत मोजतं ते) किती खर्च झाले आणि त्यांचे रुपये किती. ही व्यवस्था बाणेरच्या एका कंत्राटदाराने उभी केली होती आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला जे लागतं ते सगळं तिच्यात होतं. उत्तराला लागणारा वेळ, येणारा भार, चुका, आणि यंत्रणा किती भरत आली आहे या चार खुणा गूगलच्या अभियंत्यांनी मांडल्या. वेब सेवांवर देखरेख करणारा कोणीही आज त्याच आधी लावतो. सेवा कोसळली तर त्या लगेच ओरडतात. वहीवर कर किती लावला हे त्या सांगत नाहीत, आणि ते सांगणं त्यांचं कामही नाही.

मुळशीहून आलेला फोन

नोव्हेंबरात मुळशीकडच्या एका शाळेच्या लेखनिकांचा फोन आला. तो काकांनीच घेतला.

"अहो काका, वह्यांवर बारा टक्के कसले लावलेत? सप्टेंबरपासून माफ आहे ना?"

"नाही हो सर, आम्ही लावतच नाही. मागचं बिल बघा."

"बिल नाही म्हणत मी. तुमचं दरपत्रक. वरच्या ओळींना शून्य आहे आणि खालच्या तीन ओळींना बारा. एकाच कागदावर!"

लेखनिक बरोबर होते. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी ठरवलेले नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. वह्यांवरचे १२ टक्के गेले, पेन्सिली आणि खोडरबरही करमुक्त झाले. कंपासपेटी १२ वरून ५ टक्क्यांवर आली. छापील पुस्तकांवर आधीपासूनच कर नव्हता. काकांनी टॅलीतले दर त्याच आठवड्यात बदलून ठेवले होते. मग दरपत्रकात बारा टक्के आले कुठून, आणि तेही काहीच ओळींना?

मला याच टप्प्यावर बोलावलं गेलं. शोध घेताना दिसलं ते असं. दरपत्रक करणाऱ्या एजंटाला दर मिळवायच्या दोन जागा दिल्या होत्या. एक टॅलीतली मालाची यादी, दुसरी म्हणजे उन्हाळ्यात भरून ठेवलेला जुन्या दरपत्रकांच्या पीडीएफचा साठा. शाळेने लिहिलेलं नाव टॅलीतल्या नावाशी जुळलं की दर टॅलीतून यायचा आणि तो बरोबर असायचा. पण टॅलीतली नावं वर्षानुवर्षं काकांच्या लघुलिपीत लिहिलेली. शाळा लिहिते "२०० पानी दुरेघी, मोठी". टॅलीत तीच वही वेगळ्याच आद्याक्षरांनी बसलेली. अशा वेळी टॅलीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर यायचं: रिकामी यादी.

रिकामी यादी ही तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हे. प्रश्न गेला, उत्तर आलं, सर्व्हरने "सगळं ठीक" या अर्थाचा २०० क्रमांक दिला. डॅशबोर्डने त्याची नोंद यशस्वी कामांत केली. एजंटाने मात्र तिथे थांबून विचारण्याऐवजी दुसऱ्या जागेकडे मोर्चा वळवला, उन्हाळ्यातल्या पीडीएफमध्ये तशीच वही सापडली, आणि तिथला दर तिथल्या १२ टक्क्यांसकट दरपत्रकात उतरला. कुठेही काही अडलं नाही, म्हणून कुठेही काही लाल झालं नाही. भाषेच्या प्रारूपावर चालणाऱ्या एजंटाची ही जातच आहे. साधा प्रोग्राम वाट सापडली नाही की कोसळतो आणि आपल्याला कळतं. एजंट दुसरी वाट काढतो आणि आपल्याला बरं वाटतं.

नुकसान किती झालं हा मालकांचा पहिला प्रश्न. इथे प्रकरणाचा सगळ्यात विचित्र भाग आहे. ज्या शाळांनी ऑर्डर दिली, त्यांना काकांनी टॅलीतून बिल दिलं. ते दरपत्रकापेक्षा कमी निघालं. बिल कमी आलं म्हणून तक्रार कोण करतो? बिलातच चूक झाली असती तर प्रकरण वेगळ्या थराला गेलं असतं, कारण कराच्या नावाखाली गिऱ्हाइकाकडून घेतलेली रक्कम सरकारजमा करावीच लागते. केंद्रीय जीएसटी कायद्याचं ७६ वं कलम तेच सांगतं. तेवढं टळलं.

पण शाळा खरेदीसाठी बहुधा तीन ठिकाणची दरपत्रकं मागवतात आणि ती समोरासमोर ठेवून सगळ्यात स्वस्त निवडतात. त्यात या दुकानाचं दरपत्रक महाग दिसायचं. ऑर्डर दुसरीकडे जायची. ती गेली हे कोणी कळवत नाही. न आलेल्या ऑर्डरचा आकडा डॅशबोर्डवर कुठल्याच चौकोनात नव्हता, आणि मालक गेले काही आठवडे "यंदा दुसरं सत्र थंडच आहे" असं सगळ्यांना सांगत होते. बाजार थंड नव्हता. शेजारच्या दुकानातली गर्दी बघितली असती तरी कळलं असतं, पण भिंतीवर एवढा मोठा स्क्रीन असल्यावर शेजारी कोण बघतो.

चुकीची दरपत्रकं नेमकी कोणाकोणाला गेली हे काढायला वेळ लागला, त्याचं कारण नोंदींत होतं. प्रत्येक कामाची पायरीवार नोंद, म्हणजे ज्याला सगळे ट्रेस म्हणतात, ती ठेवली जात होती. एजंटाने कोणतं साधन वापरलं, किती सेकंद लागले, किती टोकन गेले, एवढं त्यात होतं. साधनाला काय विचारलं आणि साधनाने काय उत्तर दिलं हे नव्हतं. ओपनटेलिमेट्री या खुल्या मापदंडातही (२०१९ मध्ये दोन जुने प्रकल्प एकत्र करून तो तयार झाला) एजंटांच्या नोंदींसाठी ठरलेली नावं आहेत, पण संवादातला मजकूर आपोआप साठवला जात नाही. तो मुद्दाम सुरू करावा लागतो, कारण त्यात लोकांची खासगी माहिती असू शकते. कंत्राटदाराने तो सुरूच केला नव्हता. परिणामी एजंट टॅलीकडे गेला होता हे दिसायचं, रिकाम्या हाताने परतला हे दिसायचं नाही. शेवटी काका आणि काउंटरवरच्या ताई दोघांनी बसून गेलेली दरपत्रकं एकेक उघडून १२ चा आकडा शोधला.

"थांबवा" म्हटल्यावर काय थांबतं

फोन आला त्या संध्याकाळी मालक म्हणाले, "सगळं थांबवा." वाक्य सोपं होतं. थांबवण्याचं बटण फक्त कंत्राटदाराच्या लॉगिनमध्ये होतं, वार होता शनिवार. त्याने घरून चारही एजंटांच्या प्रक्रिया मारून टाकल्या आणि टीव्हीवरचे चारही ठिपके करडे झाले.

सोमवारी सकाळी नऱ्ह्याच्या गोदामातून फोन: "दोनशे पानीची थप्पी समोर दिसतेय, पण सिस्टीम म्हणते माल शिल्लक नाही." साठा पाहणाऱ्या एजंटाने माल राखून ठेवला होता, पुढचा एजंट दरपत्रक करायच्या आत मारला गेला, आणि कधीच न गेलेल्या दरपत्रकांच्या नावाने माल अडकून पडला. एका शाळेला तर वेगळीच गंमत झाली. प्रक्रिया मरण्याच्या क्षणी तिला दरपत्रक गेलेलं होतं, पण गेल्याची नोंद व्हायची राहिली होती. एजंट पुन्हा सुरू झाल्यावर त्याने तेच काम पुन्हा केलं. शाळेला एकाच यादीची दोन दरपत्रकं मिळाली, दोन वेगवेगळ्या बेरजांची.

या सगळ्यानंतर डॅशबोर्ड नव्याने केला. त्याचा सगळ्यात जास्त वेळ थांबवण्याच्या भागावर गेला आणि मला तो योग्य वाटतो. आता तिथे तीन वेगळी बटणं आहेत. पहिलं नवं काम घेणं थांबवतं. हातातलं काम शेवटपर्यंत जातं. दुसरं बाहेर जाणारं सगळं अडवतं: एजंट चालत राहतात, दरपत्रकं बनत राहतात, पण शाळेला काहीही न जाता एका ताटकळ्या रांगेत पडतं. तिसरं म्हणजे जागीच ठार. ते दाबलं की आधी एक यादी समोर येते: या क्षणी कोणती कामं अर्ध्यावर आहेत, कोणाच्या नावाने किती डझन माल राखून ठेवला आहे, तो सोडायचा की ठेवायचा. यादी बघितल्याशिवाय ते बटण पुढे जात नाही.

व्यवहारात ९० टक्के वेळा दुसरंच बटण लागेल असा माझा अंदाज होता. मालकांना ते पटायला उदाहरण लागलं नाही, शनिवारचा अनुभव ताजा होता. हे दुसरं बटण ताईंच्या लॉगिनमध्येही आहे. त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. पुन्हा सुरू करायला मात्र मालक किंवा काका लागतात. थांबवणं स्वस्त आणि सुरू करणं महाग, अशी ती मांडणी आहे.

दुहेरी दरपत्रकावरचा उपाय जुनाच आहे, पैसे पाठवणाऱ्या सेवा तो कायम वापरतात. प्रत्येक दरपत्रकाला यादीवरून ठरणारा एक कायमचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाचं दरपत्रक एकदा गेलं की दुसऱ्यांदा जाणारच नाही, एजंटाने कितीही वेळा प्रयत्न केला तरी. पाठवणाऱ्या बाजूने पोच उशिरा आली म्हणून एजंट पुन्हा प्रयत्न करतो, तेव्हाही हाच क्रमांक आड येतो.

पहिल्या ओळीत काय असावं

जुने आकडे काढले नाहीत, दुसऱ्या पानावर नेले. ते कंत्राटदाराला लागतात. पहिल्या पानाची वरची ओळ आता दुकानाच्या भाषेत आहे: आज आलेल्या याद्या, गेलेली दरपत्रकं, त्यांची एकूण रक्कम, आणि त्यांतून आलेल्या ऑर्डरी. शेजारी टॅलीतून काढलेला गेल्या वर्षीच्या याच आठवड्याचा आकडा. दरपत्रकं जाताहेत आणि ऑर्डरी येत नाहीत, ही गोष्ट आता मालकांना डोळ्यांनी दिसते.

त्याखाली "सापडलं नाही" असा एक आकडा. टॅलीने किती ओळींना रिकामं उत्तर दिलं याची ही मोजणी. मला विचाराल तर अख्ख्या पानावरचा हा सगळ्यात मोलाचा आकडा, आणि तो कुठल्याही तयार डॅशबोर्डमध्ये आपोआप मिळत नाही. त्याच्या बाजूला दरपत्रकांची रक्कम कराच्या दरांनुसार विभागलेली. या दुकानातल्या मालाला १२ टक्के आता लागूच होत नाहीत, तेव्हा त्या रकान्यात एक रुपया जरी आला तरी तो लाल होतो आणि बाहेर जाणारं सगळं आपोआप अडतं.

खरं तर तो रकाना कधी लाल व्हायलाच नको, कारण कर लावण्याचं काम एजंटाकडून काढूनच घेतलं आहे. वस्तू ओळखणं एजंटाचं. तिच्यावरचा कर टॅलीतल्या तक्त्यावरून साधा प्रोग्राम लावतो. उन्हाळ्यातल्या पीडीएफचा साठाही काढून टाकला. डॅशबोर्ड कितीही चांगला केला तरी जो निर्णय यंत्राच्या अंदाजावर सोडायचाच नव्हता तो सोडल्याची भरपाई त्याने होत नाही, असं मी मालकांना स्पष्ट सांगितलं. रकाना तरी का ठेवला? पुढे कोणीतरी नवा साठा जोडेल म्हणून.

सरासरीचा घोळही इथेच मिटला. उत्तराला सरासरी वेळ छान दिसायचा, कारण शाळांच्या "ओके सर", "धन्यवाद" अशा मेसेजांनाही एजंट उत्तर देत होता आणि ती क्षणात होणारी कामं सरासरी खाली ओढायची. लांब हस्तलिखित यादीला किती वेळ लागतो हे त्यात बुडून गेलं होतं. आता याद्या वेगळ्या मोजल्या जातात, आणि शंभरातल्या सगळ्यात मंद पाच याद्यांना किती वेळ लागला तेवढंच दाखवलं जातं.

ओळींच्या अचूकतेचंही तसंच. शंभरातल्या ९८ ओळी बरोबर वाचल्या असं म्हटलं की कान सुखावतात. पण शाळेच्या यादीत ४० ओळी असतील आणि प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे ९८ टक्के बरोबर असेल, तर संपूर्ण यादी बिनचूक असण्याची शक्यता ०.९८ चा चाळिसावा घात, म्हणजे सुमारे ४५ टक्के. अर्ध्याहून जास्त याद्यांत कुठे ना कुठे चूक. शाळा ओळ विकत घेत नाही, यादी विकत घेते. म्हणून डॅशबोर्डवर टक्केवारी यादीची.

"चालू" आणि "बंद" यांच्या मधे "अडकलेला" ही एक अवस्था घातली. पहिल्या आणि दुसऱ्या एजंटाचं एकदा जुंपलं होतं: एक विचारतो कोणती दोनशे पानी, दुसरा म्हणतो कोणती ते तूच सांग, आणि हे चाललंय. दोघेही हिरवे, कारण दोघेही काम करत होते! यात पैसा जातो, कारण प्रत्येक फेरीत प्रारूपाला आधीचं सगळं संभाषण पुन्हा पाठवावं लागतं. फेरीमागे हजार टोकन वाढतात असं धरलं तर वीस फेऱ्यांत वीस हजार नव्हे, १ ते २० ची बेरीज गुणिले हजार, म्हणजे २ लाख १० हजार टोकन पाठवले जातात. आता ठरावीक फेऱ्यांत नवं काही हाती लागलं नाही तर एजंट पिवळा होतो आणि प्रश्न ताईंकडे येतो. त्या दोन शब्दांत सांगतात, "फुलस्केप, दुरेघी."

आणखी एक छोटी गोष्ट. पानाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत शेवटची नोंद किती वाजताची हे येतं, आणि ती जुनी झाली की सगळे रंग उडतात. इंटरनेट गेलं तरी जुनं पान टीव्हीवर तसंच हिरवं राहायचं; पेठेत वीज आणि नेट यांचा भरवसा किती हे तिथे दुकान असणाऱ्याला सांगायला नको. नोंदींत आता विचारलेलं आणि मिळालेलं उत्तर दोन्ही साठवतो, पण लेखनिकांचे मोबाइल नंबर झाकून आणि ठरावीक मुदतीसाठीच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ सालचा आहे, आणि कायदा नसता तरी भिंतीवरच्या टीव्हीवर गिऱ्हाइकांचे नंबर झळकवणं बरं नव्हे.

काकांची रांग

फोनच्या प्रकारानंतर मालकांनी फर्मान काढलं होतं की काकांनी मंजूर केल्याशिवाय एकही दरपत्रक जाणार नाही. आठवडाभर ते चाललं. मग नोंदींत दिसलं की काका दरपत्रक उघडून दोन-तीन सेकंदांत "मंजूर" दाबताहेत. चाळीस ओळींचं दरपत्रक तेवढ्या वेळात वाचून होत नाही. दोष काकांचा नव्हता. समोर सतत बरोबर कागद येत राहिले की कोणाचंही बोट आपोआप चालतं, आणि त्यांना बिलंही करायची होती.

हे त्यांच्यासमोर मांडलं तेव्हा ते चिडले. "एजंटांवर नजर ठेवायला फलक लावलाय की माझ्यावर?" प्रश्न रास्त होता. मंजुरीला लागणारा वेळ आता माणसागणिक दिसत नाही, रांगेचा एकत्रित दिसतो. आणि रांगच छोटी केली. ज्यात "सापडलं नाही" अशी ओळ आहे, जिथे सूट नेहमीपेक्षा जास्त आहे, शाळा नवी आहे किंवा रक्कम मालकांनी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, तेवढीच दरपत्रकं काकांकडे जातात. शिवाय उरलेल्यांतून काही अशीच, चिठ्ठी काढल्यासारखी निवडून. संशयित ओळ पिवळी होऊन सगळ्यात वर येते आणि तिच्याशेजारी शाळेच्या मूळ फोटोचा तेवढाच तुकडा दिसतो. काका आता त्या ओळीवर थांबतात. बऱ्याचदा तिथल्या तिथे टॅलीतलं नावही सुधारून टाकतात, त्यामुळे "सापडलं नाही"चा आकडा उतरतो आहे. त्यांची लघुलिपी अशी हळूहळू मोडते आहे याबद्दल ते फारसे खूश नाहीत.

जूनच्या हंगामाबद्दल मालक आणि कंत्राटदार यांचं अजून एकमत नाही. कंत्राटदाराला बिलंही एजंटाकडे द्यायची आहेत. मालकांचं उत्तर ठाम आहे: दरपत्रकं करा, आठवणी करा, बिल काकाच करतील. मर्यादेची रक्कम हंगामात वाढवायची का, यावर अजून खल चालू आहे. याद्या कित्येक पटींनी वाढणार आणि काका एकच आहेत. त्यांच्या हाताखाली दोन महिन्यांसाठी एक मुलगी घ्यायची असं सध्या घाटतं आहे. तिचं लॉगिन कसं असावं, तिला सुरू करण्याचं बटण द्यायचं की नाही, एवढंच ठरायचं आहे.